फ्रेंच क्रियापदाचे रूप वाचायचे कसे: सिलॅबल कुठे तोडायचा, काय उच्चारायचे, काय सोडून द्यायचे

फ्रेंच शिकायला लागल्यावर पहिल्या महिन्यातच क्रियापदांचे तक्ते हातात पडतात. बहुतेक जण ते पाढ्यांसारखे घोकतात आणि घोकताना कागदावर दिसेल ते प्रत्येक अक्षर वाचतात. तिथेच चूक होते. 'पार्ले' म्हणजे बोलणे. या क्रियापदाची वर्तमानकाळात सहा रूपे आहेत. वहीत त्यांची पाच वेगवेगळी स्पेलिंग दिसतात, पण कानाला फक्त तीन उच्चार ऐकू येतात: पार्ल्, पार्-लों, पार्-ले. 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' या चौघांची रूपे एकसारखी ऐकू येतात. ज्याने चारही वेगवेगळी पाठ केली, त्याला पुढे प्रत्येक काळात तेच ओझे वाहावे लागते.

हा लेख नवशिक्यांसाठी आहे: अकरावीला फ्रेंच घेतलेले, डेल्फच्या तोंडी परीक्षेची तयारी करणारे, कॅनडाच्या अर्जासाठी टेफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षा देणारे. व्याकरणातले काळ तुम्हाला साधारण माहीत आहेत असे धरले आहे. अडते ते वाचताना, म्हणून इथे फक्त वाचण्याबद्दल.

सुरुवातीला हाताशी काय हवे

- क्रियापदांचा रूपतक्ता, उच्चारासह. फ्रेंच विक्शनरीवर तो फुकट मिळतो. तिथे उच्चार आयपीए (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी) चिन्हांत असतो आणि दोन सिलॅबलांच्या, म्हणजे एका दमात म्हटल्या जाणाऱ्या उच्चाराच्या तुकड्यांच्या, मध्ये टिंब दिलेले असते. ते टिंब वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेनने केलेल्या खुणा दुरुस्त करता येत नाहीत, आणि दुरुस्त्या बऱ्याच होणार आहेत.
- आवाज टिपणारा फोन. स्वतःचा उच्चार बोलताना कळत नाही, ऐकताना कळतो.

या लेखात फ्रेंच स्पेलिंग सांगताना अक्षरांची नेहमीची इंग्रजी नावे वापरली आहेत (ई-एन-टी असे). उच्चार देवनागरीत दिला आहे, त्यात आडवी रेघ म्हणजे सिलॅबलची हद्द. पाय मोडलेले अक्षर म्हणजे नुसते व्यंजन. पाय न मोडलेला 'ल' म्हणजे 'ल' आणि त्यामागे हलका 'अ'. 'े' हा बंद ए, तर 'ॅ' हा तोंड जास्त उघडून म्हटलेला ए. 'ज' हा टेलिव्हिजनमधला, 'झ' हा झेड अक्षरातला. 'यू' असे जिथे लिहिले आहे तिथे य मुळीच नाही: जीभ 'ई'च्या जागी ठेवायची, ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे, आणि जो एकच स्वर निघेल तो. 'र' घशातून येतो, गुळणी करताना जिथे पाणी खळखळते तिथून.

अनुस्वाराबद्दल जास्त सावध राहा. आं, ओं, अँ हे तीन स्वर नाकातून निघतात आणि त्यांच्यामागे न्, म्, ङ् काहीही येत नाही. मराठीत अनुस्वारापुढे व्यंजन आले की जीभ आपोआप न्-म् करते: आंबा म्हणताना म्, कांदा म्हणताना न्. फ्रेंचमध्ये ही सवय नडते. हिंदीतले 'हाँ' आणि 'माँ' आठवा, कोकणी येत असेल तर काम आणखी सोपे. पारख साधी आहे: 'पार्-लों' म्हणून झाल्यावर जिभेचे टोक दातांमागे टेकलेले असेल, तर तुम्ही 'पार्लोन' म्हणालात.

एक सोय मात्र मराठी माणसाला आयतीच आहे. फ्रेंच टी आणि डी हे आपले त आणि द. के, पी, टी यांत हकार मिसळत नाही. इंग्रजी माध्यमातल्या सवयीने ट आणि ड म्हणू नका, बाकी तोंड तयारच आहे.

१. आधी शेपूट पुसा

रूप समोर आले की वाचायला सुरुवात करण्याआधी शेवटाकडे पाहा आणि जे मुके आहे त्यावर पेन्सिलीने काट मारा. क्रियापदाच्या शेवटी मुके असणारे शेवट हे: ई, ई-एस, ई-एन-टी, एस, टी, एक्स, डी, डी-एस.

ऐकू येणारे शेवट थोडेच आहेत:

- ओ-एन-एस आणि ओ-एन-टी: दोन्ही 'ओं'
- ई-झेड: 'ए'
- ए-आय: 'ए'
- ए-आय-एस, ए-आय-टी, ए-आय-ई-एन-टी: तिन्ही 'ॲ'
- ए आणि ए-एस: 'आ'

मूळ रूपाचे शेवटही याच वेळी पक्के करा. ई-आर मधला आर मुका, म्हणून पार्-ले. आय-आर मधला आर मात्र वाजतो: फि-नीर्. ओ-आय-आर म्हणजे 'वार्'. आर-ई मध्ये आर वाजतो, ई नाही: वांद्र्, म्हणजे विकणे.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. 'बोलणे', 'तुम्ही बोलता' आणि 'बोललेले' ही तीन रूपे फ्रेंचमध्ये तीन तऱ्हांनी लिहितात, पण उच्चार तिन्हींचा एकच: पार्-ले. श्रुतलेखनात सर्वांत जास्त गुण इथे जातात, कारण कान काहीच सांगत नाही. आजूबाजूचे शब्द पाहूनच लिहावे लागते.

२. ई-एन-टीचा सापळा

हे तीन वर्ण क्रियापदाच्या 'ते' आणि 'त्या' रूपात मुके असतात. नामात, विशेषणात, क्रियाविशेषणात त्यांचा उच्चार 'आं' होतो. फ्रान्सच्या शाळांत मुलांना यासाठी एक वाक्य शिकवतात: 'ले पूल् द्यू कू-वां कूव्', म्हणजे मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. यात मठ आणि उबवतात हे दोन शब्द अक्षरशः सारखे लिहिले जातात: सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी. पहिला नाम आहे म्हणून दोन सिलॅबल, कू-वां. दुसरा क्रियापद आहे म्हणून एकच, कूव्. तसेच 'कों-तां' म्हणजे समाधानी आणि तेच स्पेलिंग क्रियापद असेल तर 'कोंत्', म्हणजे ते गोष्ट सांगतात.

तेव्हा ई-एन-टी दिसले की आधी कर्ता शोधा. कर्ता अनेकवचनी आणि हा शब्द त्याचे क्रियापद असेल तर काट मारा.

याला एक पोटसापळा आहे. कर्ता एकवचनी असताना शेवटी ई-एन-टी दिसले, तर तो शेवट नसून धातूचाच भाग असतो, आणि तिथे अनुनासिक स्वर वाजतो: इल् व्यँ (तो येतो), इल् सां (त्याला जाणवते), इल् मां (तो खोटे बोलतो).

ए-आय-ई-एन-टी हा पाच अक्षरांचा शेवट पाहून लोक घाबरतात आणि 'आय-आं' असे काहीतरी म्हणतात. तो नुसता 'ॲ' आहे. 'मी बोलत होतो', 'तो बोलत होता', 'ते बोलत होते' या तिघांचाही उच्चार पार्-लॅ.

३. सिलॅबल पाडायचे नियम

फ्रेंच सिलॅबल शक्यतो स्वरावर संपतो. यातून बाकीचे नियम निघतात.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराला जाते: फि-नि-सों, आ-वों, प्रे-फे-रों.

दोन व्यंजने असतील तर एक इकडे, एक तिकडे: पार्-लों, पार्-तों. पण दुसरे व्यंजन एल किंवा आर असेल आणि पहिले पी, बी, टी, डी, के, जी, एफ, व्ही यांपैकी असेल, तर जोडी फुटत नाही: ऊ-व्रों (आम्ही उघडतो), मों-त्रों (आम्ही दाखवतो). सी-एच, पी-एच, जी-एन ही दोन अक्षरे मिळून एकच ध्वनी होतो, त्यांना तोडायचा प्रश्नच येत नाही.

आपली लिपी इथे चकवते. 'पार्लों' हा शब्द देवनागरीत सलग लिहिला की रफार 'लों'च्या डोक्यावर जातो, आणि डोळ्याला 'पा' अधिक 'र्लों' असे दिसते. तोडायचे मात्र र् नंतर. वृत्तांत जोडाक्षरामागचे अक्षर गुरू का होते ते आठवा: जोडाक्षरातले पहिले व्यंजन मागच्या अक्षराला जाऊन टेकते. तोच हिशेब इथेही लावा.

दुहेरी अक्षर दिसले म्हणून दुहेरी उच्चार करू नका. 'देणे' या क्रियापदात दोन एन आहेत, पण उच्चार दॉ-ने. मराठीत अण्णा आणि आणा यांत फरक असतो, म्हणून आपण आपसूक 'दॉन्-ने' म्हणतो. फ्रेंच क्रियापदांत खरा दुहेरी उच्चार अगदी मोजक्या जागी येतो. त्यातला महत्त्वाचा म्हणजे धावणे आणि मरणे या क्रियापदांचा भविष्यकाळ आणि संकेतार्थ. 'तो धावत होता' हे कू-रॅ. 'तो धावला असता' या अर्थाकडे झुकणारे संकेतार्थी रूप कूर्-रॅ. एका र् वर काळ बदलतो. उलट 'शकणे' आणि 'पाहणे' यांच्या भविष्यकाळात दोन आर लिहितात, पण बोलताना एकच: पू-रे, वॅ-रे.

शेवटचे म्हणजे आघात. इंग्रजीत एक सिलॅबल फुगतो आणि बाकीचे दबतात. फ्रेंचमध्ये सगळे सिलॅबल जवळपास सारख्या वजनाचे असतात आणि शब्दसमूहाचा शेवटचा तेवढा किंचित लांबतो. फि-नि-सों म्हणताना तीन टाळ्या सारख्या अंतरावर वाजवून पाहा.

४. मुका ई: तो कधी गळतो, कधी टिकतो

हा भाग नीट समजला की निम्मे काम झाले, आणि मराठी माणसाला तो समजायला अवघड जाऊ नये. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. 'करतो' यात लिहिताना तीन अक्षरे, बोलताना कर्-तो असे दोन सिलॅबल. मधला 'अ' कागदावर आहे, तोंडात नाही. पण 'शब्द', 'पत्र', 'धर्म' म्हणताना शेवटचा 'अ' थोडासा टिकतो, कारण त्याच्यामागे जोडाक्षर आहे आणि आधाराशिवाय ते उच्चारायला जड जाते.

फ्रेंच मुका ई असाच वागतो. मागे एकच व्यंजन असेल तर गळतो, दोन असतील तर टिकतो. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस ग्रामाँ यांनी याला 'तीन व्यंजनांचा नियम' म्हटले: ई गाळल्याने तीन व्यंजने एकत्र येणार असतील तर तो गाळत नाहीत.

भविष्यकाळात हे रोज लागते:

- मी देईन: दॉन्-रे. मागे एक न्, म्हणून ई गळला. दोन सिलॅबल.
- मी गाईन: शांत्-रे. अनुनासिक स्वराचा एन व्यंजन धरायचा नाही, म्हणून मागे एकच त्.
- मी बोलेन: पार्-ल-रे. मागे र् आणि ल्, म्हणून ई टिकला. तीन सिलॅबल.
- मी दाखवीन: मों-त्र-रे. तेच कारण.
- मी खेळेन: जू-रे. ई स्वराला चिकटून आला, म्हणून पूर्ण गायब. 'जू-ए-रे' म्हणणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक.
- मी अभ्यास करीन: ए-त्यू-दि-रे. इथेही तसेच.

संकेतार्थाच्या 'आम्ही' आणि 'तुम्ही' रूपांत हा ई परत येतो. 'मी देईन' दॉन्-रे असले, तरी 'आम्ही दिले असते' या अर्थाचे रूप दॉ-न-र्यों होते. र् आणि य् पुढे एकत्र आल्यामुळे मधल्या 'अ'ची गरज पडते. पाठ्यपुस्तके हे क्वचितच सांगतात आणि विद्यार्थी 'दॉन्-र्यों' म्हणायला जाऊन अडखळतात.

'मी देईन' आणि 'मी दिले असते' यांतला फरकही इथेच: भविष्यकाळाचा शेवट ए-आय, म्हणजे बंद 'रे', संकेतार्थाचा ए-आय-एस, म्हणजे उघडा 'रॅ'. आज अनेक फ्रेंच लोक दोन्ही सारखेच म्हणतात. तुम्ही मात्र फरक ठेवा, कारण तो ठेवला की लिहितानाही चुकत नाही.

५. स्पेलिंग मधेच का बदलते

'विकत घेणे' या क्रियापदाच्या धातूत काही रूपांत ई वर डावीकडे झुकणारी रेघ येते, काहींत नाही. 'बोलावणे' मध्ये कधी एक एल, कधी दोन. विद्यार्थी हे अपवाद म्हणून पाठ करतात. हे अपवाद नाहीत, सिलॅबलचा हिशेब आहे.

नियम असा: मुका ई असलेले दोन सिलॅबल धातूच्या शेवटी लागोपाठ आले, तर पहिला मुका राहू शकत नाही. त्याला आवाज द्यावा लागतो, आणि तो आवाज 'ॲ' असतो. तो कागदावर दाखवायच्या दोन रीती आहेत: ई वर रेघ (आक्सां ग्राव) किंवा पुढचे व्यंजन दुप्पट.

विकत घेणे:
- आम्ही: आश्-तों. शेवट 'ओं' वाजतो, म्हणून धातूतला ई मुका राहिला आणि गळलाही.
- मी, तू, तो, ते: आ-शॅत्. शेवट मुका, म्हणून धातूतला ई जागा झाला. कागदावर रेघ.
- मी विकत घेईन: आ-शॅत्-रे. शेवटच्या 'रे'च्या आधीचा ई मुका, म्हणून त्याच्याही आधीचा जागा.

बोलावणे:
- आम्ही: आप्-लों, एक एल.
- मी, तू, तो, ते: आ-पॅल्, दोन एल.
- मी बोलावीन: आ-पॅल्-रे, दोन एल.

तेव्हा रेघ द्यायची की नाही असा प्रश्न पडला, तर पुढच्या सिलॅबलकडे पाहा. तो मुका असेल तर द्या.

'पसंत करणे' मध्ये मुळातच ई वर उजवीकडे झुकणारी रेघ (आक्सां तेग्यू) आहे: प्रे-फे-रों. शेवट मुका झाला की ती डावीकडे झुकते: प्रे-फॅर्. जुन्या लेखनात भविष्यकाळात मात्र उजवी रेघच ठेवत, उच्चार उघडा असूनही. ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात छापलेल्या लेखनसुधारणांनी तिथेही डावी रेघ मान्य केली. त्याच सुधारणांनी दुहेरी एल किंवा टी घेणाऱ्या बऱ्याच क्रियापदांना रेघेची रीत दिली. 'बोलावणे', 'फेकणे' आणि त्यांची पिल्ले मात्र दुहेरीच राहिली. दोन्ही लेखने चालतात. एका उत्तरपत्रिकेत एकच पद्धत धरा.

काही बदल फक्त व्यंजन सांभाळायला असतात, त्यांचा सिलॅबल वाढत नाही. 'खाणे'च्या 'आम्ही' रूपात जी नंतर ई घालतात, कारण ओ च्या आधीचा जी एरवी 'ग' वाचला जाईल. तो ई वाचायचा नाही: मां-जों, दोन सिलॅबल. 'सुरू करणे' मध्ये याच कारणासाठी सी खाली शेपटी येते: कॉ-मां-सों.

६. अनेकवचनात दडलेले व्यंजन बाहेर येते

ई-आर गटात 'तो' आणि 'ते' कानाला एकच. बाकीच्या गटांत बहुधा तसे नसते. एकवचनात धातूचे शेवटचे व्यंजन मुके असते, अनेकवचनात त्यापुढे मुका ई येतो आणि ते वाजू लागते:

- संपवणे: फि-नी, फि-नीस्
- निघणे: पार्, पार्त्
- झोपणे: दॉर्, दॉर्म्
- विकणे: वां, वांद्
- वाचणे: ली, लीझ्
- माहीत असणे: सॅ, साव्

म्हणजे 'ते' हे रूप ओळखायची खूण शेवटी वाजणारे व्यंजन. ते गिळले तर ऐकणाऱ्याला एकवचन वाटते, म्हणून ते स्पष्ट सोडा. 'पाहणे', 'मानणे' आणि 'हसणे' यांत असे व्यंजन नाही, त्यांची दोन्ही रूपे सारखीच: व्वा, क्र्वा, री.

अनुनासिक स्वर असलेल्या धातूंत आणखी एक पायरी आहे. 'घेणे': इल् प्रां (तो), इल् प्रॅन् (ते), नू प्र-नों (आम्ही). एकवचनात स्वर नाकातून येतो आणि न् वाजत नाही. 'ते' रूपात न् वाजतो आणि स्वर नाकातून काढायचा नाही. दोन्ही एकदम कधीच होत नाही. 'येणे' तसेच: व्यँ, व्यॅन्, व-नों. 'भिणे': क्रँ, पण आम्ही क्रॅ-न्यों. आपल्याकडचे विद्यार्थी दोन्हीकडे अर्धे नाक, अर्धा न् करतात आणि 'प्रां' व 'प्रॅन्' एकसारखे ऐकू येतात. फोनवर टिपून पाहा, लगेच कळेल.

७. य आणि व: एक सिलॅबल की दोन

आय, यू किंवा ओ-यू यांच्यापुढे वाजणारा स्वर आला की पहिला स्वर अर्धा होतो. 'मी खेळतो' हे जू. 'आम्ही खेळतो' हे ज्वों, एकच सिलॅबल. 'आम्ही अभ्यास करतो': ए-त्यू-द्यों, तीन.

मागे फोडता न येणारी एल किंवा आरची जोडी असेल, तर आय अर्धा होत नाही, कारण तोंडात तीन व्यंजने गोळा होतील. म्हणून 'आम्ही विसरतो' हे ऊ-ब्लि-यों, 'आम्ही ओरडतो' हे क्रि-यों.

एँपार्फे, म्हणजे 'बोलत होतो' या काळात, 'आम्ही' आणि 'तुम्ही' रूपांत हा य येतो. वर्तमान पार्-लों, एँपार्फे पार्-ल्यों. 'पार्-लि-ओं' असे तीन तुकडे करू नका. पण 'दाखवत होतो' हे मों-त्रि-यों, वरच्याच कारणाने.

वाय असलेल्या धातूत वाय म्हणजे दोन आय समजा: एक मागच्या स्वराला, एक पुढच्याला. 'पैसे देणे'चे 'आम्ही' रूप म्हणून पॅ-यों, 'साफ करणे'चे नॅ-त्वा-यों. शेवट मुका झाला की एकच आय उरतो: नॅ-त्वा.

८. कर्त्याला जोडून म्हणा

फ्रेंच माणूस सर्वनाम आणि क्रियापद वेगवेगळे म्हणत नाही. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर सर्वनामाचे व्यंजन त्याच्या पहिल्या सिलॅबलात शिरते.

'तो प्रेम करतो' हे इ-लॅम्, 'ते प्रेम करतात' हे इल्-झॅम्. पूर्ण फरक त्या एका झ चा आहे. नू-झा-वों, वू-झॅत् याच जातीचे. सर्वनामानंतरची ही जोडणी ऐच्छिक नाही. ती चुकली तर वचन चुकते. 'त्यांच्याकडे आहे' हे इल्-झों आणि 'ते आहेत' हे इल्-सों: झ च्या जागी स म्हटलात तर क्रियापदच बदलले.

एच कधीच वाजत नाही, पण दोन प्रकारचा असतो. 'राहणे' मधला जोडणी होऊ देतो: नू-झा-बि-तों. 'द्वेष करणे' मधला अडवतो: नू आ-इ-सों, मधे झ नाही. या क्रियापदाच्या वर्तमान एकवचनात आय वरची दोन टिंबे जातात आणि दोन स्वरांचा एक होतो: 'मी द्वेष करतो' हे ज ॲ.

प्रश्न करताना कर्ता क्रियापदाच्या मागे जातो आणि 'तो', 'ते' यांसाठी मधे त् येतो: ॲम्-तिल्. 'तो प्रेम करतो का' आणि 'ते प्रेम करतात का' हे दोन्ही ॲम्-तिल्च; पहिल्यात त् बाहेरून घातलेला, दुसऱ्यात शेवटचा मुका टी जागा झालेला. शेवटी डी असेल तरी जोडणीत त् वाजतो: प्रां-तिल्. प्रश्नात मागे गेलेल्या 'इल्' किंवा 'वू' नंतर मात्र पुढच्या शब्दाशी जोडणी करू नका.

ऐकताना एवढे लक्षात असू द्या: घाईत 'ज स्युई' (मी आहे) चे 'श्युई' होते आणि 'मला माहीत नाही' हे शॅ-पा एवढेच उरते. परीक्षेत तसे बोलायची गरज नाही, ओळखता मात्र आले पाहिजे.

९. कागदावरचे सिलॅबल वेगळे

शिक्षकांनी 'सिलॅबल पाडा' म्हटले की आधी विचारा: कानाचे की लेखनाचे? लेखनाच्या हिशेबात मुका ई धरतात आणि दुहेरी व्यंजन मधोमध तोडतात. 'आम्ही बोलावतो' लिहिताना तीन (ए-पी, पी-ई, एल-ओ-एन-एस), बोलताना दोन. 'ते बोलतात' लिहिताना दोन, बोलताना एक.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना आणखी बंधने: अपॉस्ट्रॉफीपाशी तोडत नाहीत, दोन लागोपाठच्या स्वरांमध्ये तोडत नाहीत, दोन स्वरांमधल्या एक्स किंवा वाय ला हात लावत नाहीत. प्रश्नातला मधला त् पुढच्या ओळीत कर्त्यासोबत जातो.

कवितेचा हिशेब तिसराच. बारा सिलॅबलांच्या आलेक्सांद्रँ ओळीत मुका ई व्यंजनापुढे मोजतात, स्वरापुढे गाळतात, ओळीच्या शेवटी सोडतात. अभंगात ६-६-६-४ अशी अक्षरे मोजताना 'घर'ची दोनच धरतात ना, तसेच. ई-एन-टी मागे व्यंजन असेल तर स्वरापुढेही मोजतात, ए-आय-ई-एन-टी मात्र नेहमी एकच.

१०. तीन हट्टी क्रियापदे

असणे: स्युई, ॲ, ॲ, सॉम्, ॲत्, सों. जवळ असणे: ए, आ, आ, आ-वों, आ-वे, ओं, आणि त्याचे भूतकालवाचक रूप ई-यू असे लिहून नुसते 'यू', म्हणून 'त्याला मिळाले' हे इ-ला-यू. करणे: फॅ, फॅ, फॅ, फ-झों, फॅत्, फों. इथे फ-झों कडे नीट पाहा. लिहिताना ए-आय आहे, म्हणून सगळे 'फॅ-झों' म्हणतात, पण तो हलका 'अ' आहे, आणि एँपार्फेतही फ-झॅ. 'तुम्ही'ची ॲत्, फॅत् आणि दीत् (म्हणता) ही तीन रूपे ई-झेडने संपत नाहीत; ती एकेका सिलॅबलची आहेत.

११. सराव असा करा

रोज एक क्रियापद, चार काळ. आधी मुक्या शेवटांवर काट, मग वाजणाऱ्या स्वरांखाली टिंब, मग टिंबांच्या मध्ये हद्दीची रेघ. त्यानंतरच तोंड उघडा.

एक रूप पूर्ण करून पाहू: 'आम्ही विकत घेतले असते' या अर्थाचे संकेतार्थी रूप. शेवटचा एस मुका, काट. शेवट 'यों', त्याआधी र्. र् आणि य् एकत्र, म्हणून आधीचा ई टिकणार: 'त'. तो हलका ई असल्यामुळे त्याच्या मागचा जागा: 'शॅ'. सुरुवातीला 'आ', आणि 'नू'चा एस झ होऊन त्यात शिरणार. नू-झा-शॅ-त-र्यों. पाच टाळ्या, सारख्या अंतरावर, शेवटची जराशी लांब. आता विक्शनरी उघडून टिंबे मोजा. सर्वनाम सोडून चार सिलॅबल, म्हणजे तीन टिंबे दिसली पाहिजेत.